टॉवर साइटचं अर्थिंग आणि ४८ व्होल्टचा पुरवठा: खाली दगड लागला तर काय करायचं?

टॉवर_हिंगणा
नमस्कार मंडळी. नागपूरजवळ हिंगण्याच्या पुढे ४० मीटरच्या ग्राउंड टॉवरचं सिव्हिल काम संपत आलं आहे. वर साधारण एक मीटर काळी माती, खाली पाऊण मीटर मुरूम आणि मग सरळ काळा दगड. ड्रॉइंगमध्ये अर्थिंगचे सहा पिट (खड्डे) आहेत: दोन टॉवरचे, दोन उपकरणांचे, एक डीजीच्या (डिझेल जनरेटर) न्यूट्रलचा, एक डीजी बॉडीचा. अट: रोध एक ओमच्या आत. कॉन्ट्रॅक्टर म्हणतो, उपकरणांचे पिट वेगळे आणि ‘स्वच्छ’ ठेवा, टॉवरच्या पिटला जोडू नका, नाहीतर आकाशातली वीज उलटी आत येईल. हे बरोबर आहे का?

दुसरं, साइट लोड सरासरी ३ किलोवॅट. सहा आरआरयू (अँटेनाजवळचे रेडिओ युनिट) वर जातील, पुढेमागे ५जीही येईल. बॅटरी, रेक्टिफायर (एसीचा डीसी करणारं यंत्र) आणि वर जाणाऱ्या केबलचा हिशेब कसा धरावा?

ओममीटर
भाऊ, पिट वेगळे ठेवायचे नाहीत. हा गैरसमज आपल्याकडे फार जुना आहे आणि सगळ्यात जास्त कार्डं त्यानेच जळतात.

आकडा मांडून बघा. विजेच्या पहिल्या झटक्याचा मध्यम प्रवाह ३० किलोअँपिअरच्या आसपास असतो. तुमचं अर्थिंग अगदी एक ओम आलं तरी ३०,००० गुणिले १, म्हणजे क्षणभर टॉवरचा पाया लांबच्या जमिनीपेक्षा ३० हजार व्होल्टने वर उचलला जातो. अर्धा ओम आला तरी १५ हजार. ओम कितीही खाली आणा, उपकरणाला सोसेल इतका हा आकडा कधीच होत नाही.

म्हणून उपकरणाला वाचवतं ते ‘सगळं एकदम वर जाणं’. टॉवर, शेल्टर (उपकरणांची खोली), रॅक, डीजीची बॉडी, प्लस बार (४८ व्होल्ट पुरवठ्याची धन पट्टी), कुंपण, सगळं एकमेकांना बांधलेलं असेल तर सगळेच ३० हजारांवर जातात आणि परत येतात. रॅकमधल्या दोन टोकांत फरक पडत नाही, म्हणून काही जळत नाही. कॉन्ट्रॅक्टर सांगतो तसं केलं, तर टॉवर ३० हजारांवर आणि पाच मीटरवरचा ‘स्वच्छ’ पिट त्याच्या बराच खाली. मधला फरक आरआरयूच्या डीसी केबलमधून आणि बीबीयूच्या (शेल्टरमधलं बेसबँड युनिट) पोर्टमधून वाट काढतो.

पिट सहा असू द्या, हरकत नाही. पण जमिनीखाली एकाच रिंगने सहाही जोडा. नियमात यंत्राच्या बॉडीला जमिनीशी दोन स्वतंत्र जोडण्या मागितल्या आहेत. त्याचा अर्थ एक तार तुटली तर दुसरी शाबूत राहावी, इतकाच. दोन वेगवेगळ्या, एकमेकांना न जोडलेल्या जमिनी असा तो नाही.

मुरूम_खडक
वरच्याशी पूर्ण सहमत. आता जमिनीचं बोलतो.

नागपूरची जमीन एकसारखी नाही. पश्चिमेला, म्हणजे हिंगणा-वाडीकडे, दख्खनचा काळा पाषाण. पूर्वेकडे ग्नाइस. कामठीकडे वालुकाश्म. त्यामुळे एका साइटचं डिझाइन उचलून दुसरीकडे टाकता येत नाही. आधी मातीची रोधकता (प्रवाहाला विरोध करण्याचा गुण) मोजा: चार खुंट्या एका रेषेत सारख्या अंतरावर, बाहेरच्या दोघींत प्रवाह, आतल्या दोघींत व्होल्टेज. रोधकता म्हणजे ६.२८ गुणिले अंतर गुणिले मीटरचं वाचन. खुंट्यांत २ मीटर अंतर आणि वाचन ४ ओम आलं, तर ५० ओम-मीटर. अंतर १, २ आणि ४ मीटर ठेवून तीनदा घ्या. अंतर वाढवल्यावर आकडा एकदम चढला की समजायचं, खाली दगड आहे.

५० ओम-मीटरच्या जमिनीत ३ मीटरचा एक रॉड सुमारे १६-१७ ओम देतो. त्याच जमिनीत २० मीटर लांब पट्टी आडवी पुरली तर ४ ओमच्या आसपास येते. तुमच्याकडे पावणेदोन मीटरवर दगड आहे, तेव्हा उभ्या रॉडच्या मागे लागू नका, आडव्या पट्टीवर भर द्या:

टॉवरच्या पायापासून आणि शेल्टरपासून एक मीटर लांब, दोघांनाही वेढणारी पूर्ण रिंग. त्या रिंगच्या कोपऱ्यांतून बाहेर चार फाटे, जागा असेल तसे १५-१५ मीटर. एकाच दिशेने ६० मीटर ओढू नका, कारण विजेचा झटका इतका जलद असतो की लांबच्या टोकापर्यंत तो पोहोचतच नाही. जवळच चार दिशांना वाटला गेला पाहिजे. पट्टी २५ बाय ६ मि.मी. जीआय (जस्त चढवलेलं लोखंड).

खोलीचं नीट ऐका. काळ्या मातीत साठ सेंटिमीटर हे पुस्तकी उत्तर इथे कमी पडतं. एप्रिल-मे मध्ये काळी माती भेगाळते, पट्टीच्या दोन्ही बाजूंनी हवा शिरते आणि पावसाळ्यात २ ओम दाखवणारी साइट उन्हाळ्यात त्याच्या कित्येक पट दाखवते. माती संपून मुरूम लागतो तिथे, म्हणजे तुमच्याकडे एक मीटरवर, पट्टी बसवा आणि वर चाळलेली माती दाबून भरा. काढलेला मुरूमाचा चुरा आणि दगड परत खड्ड्यात लोटायचे नाहीत.

ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, म्हणून पट्टी ताणून बसवू नका. नट-बोल्टचा सांधा जमिनीखाली ठेवू नका. जीआयला जीआय वेल्ड करून वर झिंक पेंट आणि बिटुमेन. तांबं असेल तर एक्झोथर्मिक वेल्ड (पावडर पेटवून वितळलेल्या धातूचा सांधा).

टॉवर_हिंगणा
रॉड अजिबात नकोत का मग? ड्रॉइंगमध्ये ३ मीटरचे केमिकल अर्थिंगचे रॉड आहेत आणि माल येऊन पडला आहे.

मुरूम_खडक
हवेत, पण दगडात बोअर मारून. १५० मि.मी. व्यासाचं ३ मीटर बोअर घ्या, मधोमध रॉड धरा, भोवती बेंटोनाइटचं कंपाउंड पाण्यात कालवून खालून वर भरत या. हे बोअर म्हणजे ५३ लिटरची पोकळी. २५ किलोच्या एका पिशवीत ती भरत नाही, तेव्हा प्रत्येक पिटला किती पिशव्या रिकाम्या झाल्या हे उभं राहून मोजा. बऱ्याच ठिकाणी वरच्या फूटभरात कंपाउंड आणि खाली तोच दगडाचा चुरा निघतो.

दोन रॉडमधलं अंतर रॉडच्या लांबीच्या दुप्पट, म्हणजे ६ मीटर. दीड मीटरवर जोडीने रॉड ठोकले तर दोन्ही एकाच मातीत प्रवाह सोडतात, दुसऱ्याचे पैसे जवळपास वाया.

मीठ-कोळसा टाकू नका. पहिल्या वर्षी आकडा सुंदर येतो, नंतर मीठ पाण्याबरोबर वाहून जातं आणि जाताना जीआय पाइप खाऊन जातं.

कामठी_रोड
तांबं आणि जीआय थेट एकावर एक बोल्ट करू नका, एवढं माझ्याकडून. ओलाव्यात जीआयचा जस्ताचा थर आधी जातो, मग लोखंड गंजतं. टिन केलेलं लग (केबलच्या टोकाचा धातूचा तुकडा) किंवा बायमेटल वॉशर मधे घ्या. आणि टॉवरच्या पायावर लग बसवताना रंग खरवडून चकचकीत धातू काढा, लग घट्ट करा, मग वरून रंग. रंगावर बसवलेलं लग दिसायला छान असतं, मीटर लावला की उघडं पडतं.

बाहेरच्या बारवरून (अर्थच्या तारा जोडायची पट्टी) तांबं चोरीला जातं हे सगळ्यांना माहीत आहे. बाहेर जीआय बार वापरा आणि केबल जमिनीतून येते तिथून बारपर्यंत जीआय पाइपात घ्या. त्या पाइपाची दोन्ही टोकं आतल्या केबलला बाँड करा, म्हणजे जोडून घ्या, नाहीतर विजेच्या झटक्याला लोखंडी पाइप आडवा येतो.

अठ्ठेचाळीस
आता पुरवठ्याचं. क्रमाने घेतो.

बॅटरी: ३ किलोवॅट भागिले ४८, म्हणजे साडेबासष्ट अँपिअर. ६०० एएचचा (अँपिअर-तास) साठा धरला, ३०० एएचच्या दोन बँक, आणि ८० टक्केच वापरायचा ठरवला तर ४८० एएच. नवीन असताना साडेसात तास. जुनी होत जाईल तसे सहा धरून चाला.

रेक्टिफायर: फ्लोट (बॅटरी भरलेली ठेवण्याचं व्होल्टेज) ५४ व्होल्टवर लोड ५६ अँपिअर, शिवाय बॅटरीच्या दहा टक्क्यांनी चार्जिंग म्हणजे ६० अँपिअर. एकूण ११६. ३ किलोवॅटचं मॉड्यूल ५४ व्होल्टला ५५ अँपिअर देतं. तेव्हा तीन लागतात, एक जास्तीचं, म्हणजे चार. फक्त लोड बघून दोन टाकले तर वीज परत आल्यावर बॅटरी पूर्ण चार्ज होण्याआधीच पुढची लाइट जाते आणि बँक वर्षभरात बसते.

तापमान: नागपूरच्या मे महिन्यात हा मुद्दा सगळ्यांत वरचा. लेड-ॲसिड व्हीआरएलएचा (सीलबंद बॅटरी) ५४ व्होल्ट फ्लोट २७ अंशांसाठी आहे. २४ सेलच्या बँकेला दर अंशामागे ७२ मिलिव्होल्ट कमी करायचे. बॅटरी ४२ अंशांवर असेल तर १५ गुणिले ०.०७२, म्हणजे जवळपास १.१ व्होल्ट कमी, ५२.९. कंट्रोलरमध्ये हे कॉम्पेन्सेशन चालू आहे का आणि सेन्सर खरंच मधल्या सेलला चिकटवलेला आहे का, ते हाताने तपासा. भिंतीवर लटकणारा सेन्सर एसीची हवा मोजतो, बॅटरी नाही. मग गरम बॅटरीला जास्त व्होल्टेज, त्यामुळे जास्त प्रवाह, त्यामुळे आणखी उष्णता. सेल फुगतात, हायड्रोजन सुटतो. दर १० अंश वाढीला आयुष्य निम्मं होतं, हे तर आहेच.

कटऑफ (बॅटरी तोडायचं व्होल्टेज): ४३.२ व्होल्ट, म्हणजे सेलमागे १.८. त्याच्या आधी ४६ च्या आसपास बिनमहत्त्वाचा लोड तोडा आणि ट्रान्समिशन शेवटपर्यंत ठेवा. लिथियम घेतली तर हे सगळे आकडे बदलतात. १५ सेलचा पॅक आणि १६ सेलचा पॅक यांचं चार्जिंग व्होल्टेजही वेगळं, ते बीएमएसच्या (बॅटरीचं नियंत्रण सर्किट) कागदावरून घ्या. लिथियम आणि लेड-ॲसिड एकाच बारवर समांतर टाकू नका.

अठ्ठेचाळीस
केबलचं राहिलं होतं.

बॅटरीचा हिशेब सरासरी लोडवर करायचा, केबलचा मात्र कमाल लोडवर आणि बॅटरी उतरलेली असताना. समजा आरआरयू ६०० वॅट, केबल ४० मीटर. जाऊन-येऊन ८० मीटर तांबं.

६ चौ.मि.मी. लवचिक केबलचा रोध किलोमीटरला ३.३ ओम, म्हणून ८० मीटरचा ०.२६ ओम. बॅटरी ४४ व्होल्टवर आली की प्रवाह साडेतेरा अँपिअर, केबलमधली व्होल्टेजची पडझड साडेतीन व्होल्ट, वर पोहोचतात ४०.४. बरेच आरआरयू या हद्दीवर बंद पडतात. बॅटरीत जीव असताना सेक्टर (टॉवरची एक दिशा) जातो आणि दोष बॅटरीला दिला जातो. १० चौ.मि.मी. घेतली तर पडझड सव्वादोनच्या आत.

५जीच्या अँटेना युनिटला १२०० वॅट धरा, ४४ व्होल्टला २७ अँपिअर. १६ चौ.मि.मी. केबलमध्ये अडीच-पावणेतीन व्होल्ट पडतात. हे आत्ताच ट्रेमध्ये जागा ठेवून घ्या, नंतर टॉवरवर दुसरी केबल चढवणं महागात जातं.

ओममीटर
यात भर. प्लस बार अर्थ का करतात हे नव्या मुलांना सांगायला हवं. टेलिफोनच्या काळापासून तारा जमिनीपेक्षा ऋण ठेवल्या, कारण धन तार ओलाव्यात झिजते, ऋण टिकते. त्यामुळे प्लस जमिनीला आणि मायनस ४८ जिवंत. हे जोडण पॉवर प्लांटवर, आतल्या बारला, एकाच ठिकाणी. ३५ ते ७० चौ.मि.मी. केबल. ठिकठिकाणी प्लस आणि अर्थ बांधत सुटलात तर लोडचा परतीचा प्रवाह अर्थच्या तारांतून फिरायला लागतो. डीसी क्लॅम्प मीटर अर्थ तारेवर लावून बघा, तिथे लोडचा प्रवाह दिसायला नको. काही आरआरयूंत आतच प्लस आणि बॉडी एक असते, तिथे बनवणाऱ्याचं मॅन्युअल सांगेल तसंच.

वर जाणाऱ्या डीसी केबलचं शिल्ड (धातूचं आवरण) तीन जागी बांधा: आरआरयूजवळ, टॉवरच्या तळाशी वळण घेण्याआधी, आणि शेल्टरमध्ये शिरण्याआधी बाहेरच्या बारला. तळाशी वळणाआधी अशासाठी, की प्रवाहाला सरळ खाली जायची वाट मिळाली तर तो आडवा शेल्टरकडे कमी वळतो. अर्थिंग किटची (शिल्डला बांधायचा संच) तार खालच्या दिशेने न्या, वर नेऊन परत खाली आणू नका. वळणाची त्रिज्या किमान २०० मि.मी. जास्तीची तार गुंडाळून टाय मारून ठेवलेली दिसते, ती कापा.

कामठी_रोड
एव्हिएशन लॅम्पची (विमानांना इशारा देणारा दिवा) केबल सगळे विसरतात. टॉवरच्या टोकावरून थेट शेल्टरच्या डीबीमध्ये (वितरण पेटी) येते. तिला शिल्ड किंवा जीआय कंड्युट आणि डीबीआधी एसपीडी (विजेचा झटका थोपवणारं उपकरण) हवाच.

फेज_न्यूट्रल
एसीच्या बाजूवर कोणी बोललं नाही, म्हणून लिहितो. माणसाच्या जिवाचा प्रश्न इथे आहे.

गावाकडच्या साइटला महावितरणचा पुरवठा फेज आणि न्यूट्रलचा, अर्थ आपला आपण करायचा. आता फेज बॉडीला लागला तर प्रवाह परत जातो मातीतून, डीपीच्या (ट्रान्सफॉर्मरच्या) न्यूट्रलच्या अर्थिंगकडे. साइटचा १ ओम आणि डीपीचे ५ ओम धरले तर २४० भागिले ६, म्हणजे ४० अँपिअर. ६३ अँपिअरचा एमसीबी एवढ्याने हलतही नाही. बॉडीवर ४० व्होल्ट तसेच बसून राहतात. उन्हाळ्यात साइटचा ओम ५ झाला तर बॉडीवर १२० व्होल्ट, आणि तरीही एमसीबी वर. त्यामुळे इनकमरला (येणाऱ्या पुरवठ्याचा मुख्य स्विच) ३०० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळतीचा प्रवाह ओळखून पुरवठा तोडणारा स्विच) पाहिजेच, वेळ घेणारा एस प्रकारचा. विजेच्या झटक्याने उगाच ट्रिप होऊ नये म्हणून एसपीडी त्याच्या आधी, पुरवठ्याकडे.

एसपीडी तीन अधिक एक प्रकारचा: तीन फेज ते न्यूट्रल व्हॅरिस्टर (जादा व्होल्टेजला वाट देणारा घटक), न्यूट्रल ते अर्थ स्पार्क गॅप. फेज ते अर्थ थेट व्हॅरिस्टर लावलेला जुना प्रकार खराब झाला की फेज अर्थवर देतो. आणि एसपीडीच्या तारा! फेजकडची आणि अर्थकडची मिळून अर्धा मीटर, त्याहून जास्त नाही. एक मीटर तारेत साधारण एक मायक्रोहेन्री असतो. प्रवाह मायक्रोसेकंदाला एक किलोअँपिअर वेगाने चढला तर त्या एका मीटरमध्येच हजार व्होल्ट. एसपीडीने दीड हजारावर थोपवलं तरी उपकरणाला अडीच हजार बसले.

न्यूट्रल आणि अर्थ साइटच्या पॅनेलमध्ये एकत्र करू नका. डीजीचा न्यूट्रल डीजीवर अर्थ करा आणि एएमएफ पॅनेलचा (लाइट गेल्यावर डीजी आपोआप चालू करणारं) चेंजओव्हर स्विच चार पोलचा घ्या, म्हणजे दोन न्यूट्रल कधी एकत्र येणार नाहीत.

लाइनचा न्यूट्रल तुटला की सिंगल फेज मॉड्यूलवर चारशेच्या जवळ व्होल्ट येऊ शकतात. त्याला अर्थिंग काही करत नाही, पीआययूमधला (येणारा पुरवठा सांभाळणारं पॅनेल) ओव्हरव्होल्टेज कटऑफच करतो. तो चालू आहे का बघा.

गच्ची_महाल
नागपुरात महाल, इतवारीच्या गच्चीवरच्या साइटला रिंग कुठे टाकायची? खाली हातभर जागा नसते.

ओममीटर
रिंग गच्चीवर टाका दादा. सगळे पोल, रॅक, केबल ट्रे, पाण्याच्या टाकीची लोखंडी चौकट, रेलिंग, सगळं गच्चीवरच एका पट्टीने बांधा. खाली उतरणाऱ्या पट्ट्या किमान दोन, इमारतीच्या समोरासमोरच्या बाजूंनी, सरळ, खिडकीच्या जाळ्यांपासून लांब. लांब ठेवता येत नसेल तर जाळी बांधून घ्या. इमारतीच्या स्वतःच्या अर्थिंगला मीटर खोलीजवळ जोडणं आवश्यक आहे. नाहीतर खालच्या मजल्यावरच्या लोकांच्या नळाला आणि फ्रिजला वेगवेगळं व्होल्टेज मिळतं.

टॉवर_हिंगणा
खूप मदत झाली. कॉन्ट्रॅक्टरला रिंगचं पटलं. आता दोन शंका. मोजणी क्लॅम्प टेस्टरने करू देत का? आणि बॅटरी बँक बदलताना आधी कुठलं टोक सोडायचं, यावर माझ्या मुलांत दोन मतं आहेत.

मुरूम_खडक
क्लॅम्प टेस्टर नको. तो वर्तुळातला रोध मोजतो. एकटा, कशालाही न जोडलेला पिट असेल तर वर्तुळच नाही, आकडा निरर्थक. रिंगला जोडलेला असेल तर तो फक्त पट्टीचं धातूचं वर्तुळ मोजतो आणि ०.२ ओम दाखवून मोकळा होतो. माती त्यात आलीच नाही.

तीन खुंट्यांची पद्धत वापरा. रिंगचा कर्ण १० मीटर असेल तर प्रवाहाची खुंटी किमान ५० मीटरवर, व्होल्टेजची त्याच रेषेत ३१ वर. मग ती २८ आणि ३४ वर सरकवून परत वाचन. तिन्ही आकडे पाच टक्क्यांच्या आत असले तरच खरे. जास्त फरक आला तर प्रवाहाची खुंटी आणखी लांब न्या. पण तुमचे १५ मीटरचे फाटे जोडले की कर्ण ४० मीटरपर्यंत जाईल, म्हणून फाटे जोडण्याआधी एकदा आणि जोडल्यावर खुंटी २०० मीटरवर नेऊन एकदा, असं मोजा. पुरवठा आल्यावर चालू साइटची अर्थ तार मोजणीसाठी कधीच सोडायची नाही. मोजणी मे महिन्यात करा, पावसाळ्यातला आकडा धरून साइट पास करू नका.

अठ्ठेचाळीस
बॅटरीचं उत्तर: आधी त्या बँकेचा ब्रेकर खाली, मग प्लस, मग मायनस. जोडताना उलट, मायनस आधी, प्लस शेवटी, आणि त्यानंतर ब्रेकर.

गाडीत बॉडीला मायनस असतो, म्हणून तिथे मायनस आधी सोडतात. नियम एकच: जमिनीला लागलेलं टोक आधी सुटलं पाहिजे. इथे जमिनीला प्लस आहे. प्लस जोडलेलं ठेवून मायनसच्या बोल्टवर पाना फिरवला आणि त्याचं मागचं टोक रॅकला टेकलं, तर काही हजार अँपिअर पान्यातून जातात. ब्रेकर खाली असला तरी, कारण तो रॅक आणि बॅटरीच्या मधल्या या वाटेत येतच नाही. प्लस आधी सुटलं की तीच चूक निरुपद्रवी. पान्याला टेप गुंडाळलेली असावी, अंगठी, कडं, घड्याळ काढून ठेवायचं, सुटलेल्या लगवर लगेच रबरी टोपी.

नवीन बँक टाकताना ब्रेकर चढवण्याआधी बँक आणि बारमधलं व्होल्टेज मोजा. एका व्होल्टच्या आत असेल तरच चढवा. जुनी आणि नवी बँक समांतर ठेवू नका, जुनी नवीला ओढत राहते.

टॉवर_हिंगणा
समजलं. कुंपणाचं एक विचारायचं राहिलं. तारेचं कुंपण रिंगपासून दीड मीटरवर आहे. जोडू का तसंच ठेवू?

ओममीटर
जोडा. दीड मीटरवर असेल तर एक हात कुंपणाला आणि दुसरा शेल्टरच्या उघड्या दाराला लागू शकतो. चारही कोपऱ्यांतून रिंगला बाँड करा. गेटला बिजागरीवर भरवसा ठेवू नका, खांब ते फाटक लवचिक तांब्याची वेणी मारा आणि गेट पूर्ण उघडल्यावर ती ताणली जात नाही ना, ते बघून घ्या.